वरातीच्या गाडीचे प्लग

"साहेबांच्या गाडीला टॅक्सीचे प्लग घातलेत म्हणे," पेडणेकर चहा फुंकत म्हणाले, आणि शेडमधले तिघं-चौघं हसले.

पेडणेकर कारखान्याचं स्टोअर सांभाळायचे. ते माझ्या बाबांशी बोलत होते. मी पाच पावलांवर, उलट्या ठेवलेल्या लाकडी खोक्यावर, गाडीचं इंग्रजी पुस्तक मांडीत उघडून बसले होते. मला ऐकू येईल हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. मी असले तरी तिथं कुणी आहे, असं सहसा कुणाच्या लक्षात येत नसे. बॉनेटखाली वाकलेल्या भास्करकाकांना मात्र ऐकू गेलं. त्यांनी हातातला फडका झटकला, त्याची घडी घातली, ती मोडून फडका पुन्हा झटकला. 

परवा तुळशीचं लग्न झालं. काल संध्याकाळपासून आमच्या बदलापूरच्या गल्लीच्या टोकाला बँडवाल्यांची तालीम सुरू आहे. एक ट्रम्पेट एकाच ओळीवर पुन्हापुन्हा अडखळतं, ढोलवाला त्याच्यासाठी थांबतो, मग सगळे हसल्याचा आवाज येतो. लग्नसराई आली. लोकांना या दिवसांत मोगरा आठवतो, जिलेबी आठवते. मला पेट्रोलचा वास येतो, हाताच्या चिमटीत थंडगार लोखंड जाणवतं, आणि भास्करकाका प्लग उजेडाकडे धरून एक डोळा मिटतात.

तेव्हा आम्ही अंबरनाथला राहायचो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. बाबा एका रंगाच्या कारखान्यात खरेदी बघायचे. कारखान्यामागचा नाला त्या दिवशी जो रंग शिजत असेल त्या रंगाचा वाहायचा. सोमवारी जांभळा, गुरुवारी हळदीसारखा. कामगारांच्या नखांवरून कुठल्या खात्यात काम आहे ते कळायचं. त्या नाल्याच्या काठावर एक जुनी शेड होती, आणि शेडमध्ये ताडपत्रीखाली साहेबांची गाडी.

साहेब म्हणजे कारखान्याचे मालक. तरुणपणी त्यांनी ती गाडी परत मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या मॅनेजरकडून घेतली होती. बाटलीच्या काचेसारखी गडद हिरवी, दोनच माणसांपुरती, डोक्यावर छप्पर नाही. लांबच लांब नाक आणि सायकलसारख्या तारांची चाकं. एके काळी तिच्यातून ते वाऱ्यासारखे खंडाळ्याला जाऊन येत, असं बाबा सांगायचे. पुढे कारखाना वाढला, साहेबांचं पोट वाढलं, आणि गाडी पंधराएक वर्षं ताडपत्रीखाली गेली. उंदरांनी तिच्या गादीत संसार थाटले.

त्या वर्षी साहेबांच्या मुलाचं, अभयचं लग्न ठरलं आणि त्यानं एकच हट्ट धरला. वरात या गाडीतून काढायची, आणि गाडी आपण स्वतः चालवायची. गाडीत जागाच दोन, म्हणजे एक नवरा, एक नवरी. साहेबांची बहीण म्हणाली होती, "नवरदेव ड्रायव्हर झाला, तर नवरीनं काय तिकीट काढायचं?" पण साहेबांचे डोळे चकाकले होते. त्यांना ती गाडी पुन्हा रस्त्यावर बघायची होती.

गाडी चालू करायचं काम भास्करकाकांवर आलं. ते कारखान्यात फिटर होते, अकरा वर्षं, पण टेम्पररी. दर सात महिन्यांनी त्यांना आठ दिवसांचा ब्रेक मिळायचा आणि नवव्या दिवशी नवा माणूस म्हणून पुन्हा भरती. ते आठ दिवस काका शहाडला एका टॅक्सीच्या गॅरेजात काम करत. गाडीची सगळी विद्या त्या ब्रेकमधली. साहेबांनी बाबांच्या देखत त्यांना शब्द दिला होता, "भास्कर, वरात नीट पार पडू दे. पहिल्या तारखेला तुझं पर्मनंटचं पत्र."

गाडीबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजीत होतं, म्हणून बाबांनी मला पाठवलं. कॉलेज सुटलं की मी शेडमध्ये जायचे, काका विचारतील ते पान काढायचे आणि मराठीत सांगायचे. ते मला थट्टेनं मॅडम म्हणत. "वाचा मॅडम, आज काय म्हणतात तुमचे इंग्रज?"

मला बोलायचं वावडं होतं. शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करत, आणि गल्लीत तोंडून इंग्रजी शब्द निसटला की मुली नकला करत. दोन्हीकडून मार खाण्यापेक्षा गप्प राहणं सोपं होतं, ते मी लवकर शिकले. पण समोर पुस्तक असलं की माझा आवाज निघायचा. शब्द माझे नसायचे, त्यामुळे भीती वाटायची नाही. पंधरा-वीस दिवसांत मी त्या शेडमध्ये जेवढं बोलले तेवढं आधीच्या वर्षभरात बोलले नसेन.

प्लग वाचायला मला काकांनी शिकवलं. पहिल्या दिवशी त्यांनी गाडीतले चारही जुने प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले. "माणूस खोटं बोलेल, प्लग नाही बोलणार," ते म्हणाले. टोकाशी चिनी मातीचं पांढरं नाक असतं, ठिणगी तिथं पडते. ते नाक काजळासारखं काळं झालं, तर इंजिनात नीट जळत नाही. पांढरंफटक पडून त्यावर फोड आले, तर फार तापतंय. आणि दुधात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचं असलं, तर सगळं ठीक. मी घरी येऊन चहात बिस्किट बुडवून तो रंग बघितला होता. आई म्हणाली, खा आता, बघत काय बसलीस.

मग नवे प्लग आणायला आम्ही दोघं कारखान्याच्या टेम्पोतून उल्हासनगरला गेलो. कॅम्प तीनमध्ये परसूमल शेठचं दुकान होतं. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं, एवढंच. छतापर्यंत खण, प्रत्येक खणावर सिंधीत काहीतरी लिहिलेलं, आणि मधोमध नाकावर चष्मा घेतलेले शेठ. मी घाईघाईनं पुस्तकातलं गाडीचं नाव वाचायला घेतलं, तर त्यांनी हात वर केला.

"गाडी कौनसी, वो बाद में, बेटी. जाती किधर है?"

काकांनी सांगितलं, वरातीत.

शेठ इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. रेसची गाडी आणि बँडच्या मागे. मग ते एकदम गंभीर झाले आणि दोन प्लग काढून माझ्यापुढे धरले. आटे दोन्हीचे सारखे, लांबी सारखी, कुठल्याही अनोळखी डोळ्याला जुळे भाऊ वाटावेत. फरक नाकात होता. एकाचं नाक आखूड. ते आलेली उष्णता लगेच सोडून देतं, म्हणून जोरात पळणाऱ्या, भयंकर तापणाऱ्या इंजिनाला चालतं. दुसऱ्याचं नाक लांब. ते ऊब धरून ठेवतं आणि हळू चालतानासुद्धा अंगावरची काजळी जाळून टाकतं. सिग्नल-सिग्नलला थांबणाऱ्या टॅक्सीला हाच लागतो. आखूड नाकाचा महाग होता. शेठनी तोच परत खणात टाकला. "ये बेचूँगा तो फायदा मेरा. बारात में गाडी खडी रही, तो गाली भी मेरी."

येताना टेम्पोत काकांनी मला तीच गोष्ट त्यांच्या भाषेत सांगितली. तवा. तवा पुरेसा तापलेला नसेल तर भाकरी चिकटते, काळी होते, आणि बाई म्हणते पीठच वाईट. "पिठाचा दोष नसतो मॅडम. तव्याला धग नाही."

आता वाटतं, माझ्या शिक्षणात कॉलेजपेक्षा त्या टेम्पोचा वाटा मोठा आहे.

लांब नाकाचे ते चार प्लग बसवले आणि पंधरा वर्षांनी गाडी बोलली. काका हात जोडून क्षणभर उभे राहिले. त्यांनी गाडी शेडभोवती चालवली, माणसाच्या चालीनं, अर्धा तास. मग प्लग काढून मला दाखवले. बिस्किट.

आणि दुसऱ्या दिवशी पेडणेकरांचं ते वाक्य.

ते साहेबांपर्यंत पोचायला दुपार लागली नाही. मला वाटतं साहेबांना राग आला नव्हता. लाज वाटली होती. आपल्या तरुणपणीची एकुलती एक शानदार वस्तू, आणि तिच्या पोटात टॅक्सीचं सामान. त्यांच्या मेव्हण्यांनी परदेशातून खास रेसचे प्लग आणले होते. पत्र्याची डबी, आत निळ्या मखमलीत चार प्लग, दागिन्यांसारखे. साहेबांनी ती डबी काकांच्या हातात दिली आणि म्हणाले, हेच बसव. काकांनी एक प्लग उचलून त्याचं नाक पाहिलं. आखूड होतं. ते मला पाच पावलांवरून दिसलं, म्हणजे त्यांना दिसलंच असणार. ते म्हणाले, "हो साहेब."

साहेब आणि अभय गाडी घेऊन चिखलोलीकडे गेले. तेव्हा तो रस्ता मोकळा असायचा, दोन्हीकडे गवत आणि मध्येच एखादं भाताचं खळं. दोघं परत आले तेव्हा साहेबांचे केस उभे होते आणि चेहरा वीस वर्षांनी लहान झाला होता. "बघितलंस भास्कर? याला म्हणतात प्लग." त्यांचं खोटं नव्हतं. जोरात पळवली तर गाडी त्या प्लगांवर पळणारच होती. पण वरात पळत नाही. पुढे बँड, त्याच्यामागे उलटं चालत नाचणारी माणसं, चौकाचौकात ओवाळणं, नारळ, पुन्हा थांबणं. मंगल कार्यालयापासून बंगल्यापर्यंतच्या त्या एवढ्याशा वाटेला सहज दीड तास जातो. त्या दीड तासात आखूड नाकांवर काजळी साचणार, ठिणगी मरणार आणि गाडी बंद पडणार. काकांना ते कळत होतं आणि मला कळत होतं. तिसरं कुणी शहाडला किंवा कॅम्प तीनमध्ये असेल, पण अंबरनाथला नव्हतं.

त्या संध्याकाळी साबणाच्या पावडरीनं हात धुता धुता काका म्हणाले, "मॅडम, ते प्लगचं पान साहेबांना वाचून दाखवाल का? मी बोललो तर तो हट्ट होतो. पुस्तक बोललं तर माहिती होते."

एवढंच मागितलं त्यांनी. अकरा वर्षांत त्यांनी कुणाकडे काही मागितलं असेल असं मला वाटत नाही. मी म्हटलं, बघते.

दोन दिवस मी बघत राहिले. एकदा साहेबांच्या केबिनपर्यंत गेले. दाराला काच होती. आत ते फोनवर बोलत होते आणि काचेत मला माझा चेहरा दिसत होता, छातीशी पुस्तक धरलेला. पानात बोट घालून ठेवलं होतं. मनात वाक्य तयार केलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत, मग दोन्ही विसरले. फोन संपायच्या आत मी जिना उतरले होते. शेडमध्ये काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्यासाठी अर्धा कप चहा मागवला. तो चहा मला अजून घशाखाली नीट उतरलेला नाही.

मी नोकरीला लागल्यावर कुणी विचारलं की तुम्ही एवढ्या शांत कशा, तर मी हसते. गप्प बसणाऱ्या माणसाला लोक सालस समजतात. माझं गप्प बसणं तेव्हा सालस नव्हतं. त्याची किंमत दुसरा माणूस देणार होता, त्याच्या अकरा वर्षांनी, आणि मला ते ठाऊक होतं.

लग्न दुपारी लागलं. वरात ऊन कलल्यावर निघाली. गाडीला झेंडूच्या माळा, आरशांना अबोलीचे गजरे. शालू सावरत नवरी त्या बुटक्या गाडीत शिरली तेव्हा तिला अक्षरशः जमिनीवर बसल्यासारखं बसावं लागलं, आणि तिच्या मैत्रिणी हसत सुटल्या. तीही हसली. मला ती तिथंच आवडली. अभयनं फेट्याचा शेमला मागे टाकून स्टिअरिंग धरलं. भास्करकाका नवा शर्ट घालून बॉनेटच्या उजव्या बाजूनं चालत होते, एक हात पत्र्यावर, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. मी बाबांच्या मागे.

पहिल्या चौकापर्यंत ठीक होतं. दुसऱ्या चौकात सुवासिनींनी ओवाळलं, पाच-सात मिनिटं गाडी जागेवर गुरगुरत उभी होती, आणि मला आवाज बदललेला कळला. चारांतला एक ठोका गळत होता. काकांची मान किंचित वळली. मग दुसरा ठोका गळला. मागून काळा धूर आला, कच्च्या पेट्रोलचा वास आला, कुणाच्या तरी काकूनं पदर नाकाला लावला. गाडी एकदा हिसकली, दोनदा, आणि थांबली. अभयनं पुन्हापुन्हा सेल्फ मारला. नुसती घरघर. बँडवाले आधी वाजवत राहिले, मग एकेक वाद्य गप्प होत गेलं. सगळ्यात शेवटी खुळखुळा.

गर्दीत एक म्हातारी हळूच म्हणाली, नवरी अजून उंबऱ्यालाही लागली नाही. ते नवरीनं ऐकलं. तिचं हसणं मावळलं.

"भास्कर," साहेब म्हणाले. ते ओरडले नाहीत, पण त्यांचा आवाज थरथरत होता. "काय करून ठेवलंस तू?"

काका सरळ उभे राहिले. त्यांच्या नव्या शर्टाच्या खिशाला चार उंचवटे होते. मला माहीत होतं ते काय आहेत. मागच्या खिशातून प्लगपान्याचा दांडा दिसत होता. सगळं बरोबर आणलं होतं त्यांनी, फक्त बोलायची परवानगी नव्हती. पेडणेकर बाजूलाच होते. ते पुटपुटले, शेवटी टॅक्सीवाला तो टॅक्सीवाला. काकांनी साहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. मला संकोच होऊ नये म्हणून पाहिलं नाही, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी उमगलं.

पुढचं सांगते. तापलेल्या इंजिनातून फडक्यानं धरून चार प्लग काढायला आणि चार घालायला काकांना बँडचं एक गाणं लागलं. काढलेले चारही काजळासारखे काळे होते. साहेबांनी त्यातला एक बोटावर घेतला, बोट काळं झालं, ते बोटाकडे बघत राहिले. मग त्यांनी सगळ्यांदेखत तो खिशात टाकला आणि म्हणाले, चल भास्कर, अभयला सेल्फ मारायला सांग. गाडी पहिल्या फटक्यात लागली. बंगल्यापर्यंत ती पुन्हा अडखळली नाही. नवरीनं उंबऱ्यावरचं माप ओलांडलं तेव्हा रस्त्यावरचे दिवे नुकते लागत होते.

पहिल्या तारखेला पत्र निघालं. मनात काही न ठेवण्याइतके साहेब मोठे होते, हेही सांगायला हवं. ते गेले तेव्हा मी मनापासून रडले. भास्करकाका पुढे फोरमन झाले. दर तुळशीच्या लग्नाला आवळे-चिंचा घेऊन बदलापूरला येतात, अजूनही मला मॅडम म्हणतात. वरातीनंतरच्या आठवड्यात त्यांनी मला त्या चारांतला एक प्लग दिला होता, टॅक्सीचा. माझ्या टेबलावर तो कागदांवर ठेवलेला असतो. टोकाचा रंग अजून तोच, दुधात बुडवलेल्या बिस्किटाचा. नवीन माणसाशी बोलायचं असलं, वरिष्ठांना काही नकोसं सांगायचं असलं, की मी तो हातात घेते. एखादा माणूस किंवा एखादं काम पारखताना मला आधी शेठचा प्रश्न आठवतो, जाती किधर है. त्या दोघांनी दिलेलं मी अजून वापरते आहे, आणि ते संपत नाही.

बाहेर ट्रम्पेटवाल्याला ती ओळ आता जमली वाटतं. ढोल त्याच्यासाठी थांबला नाही.

त्या चौकात मी बाबांच्या मागून कशी पुढे आले ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की हातात पुस्तक नव्हतं. घरी राहिलं होतं. वाचून दाखवायला काहीच नव्हतं, आणि बँड गप्प होता, आणि एवढ्या माणसांत पहिल्यांदाच शब्द माझे होते. आवाज चिरकला. मी तसाच पुढे नेला.

"साहेब, चूक भास्करकाकांची नाही. हे प्लग पळणाऱ्या गाडीचे आहेत, आणि आपल्याला नवरीला चालीनं घरी न्यायचंय. मला दोन दिवसांपासून माहीत होतं, मी सांगितलं नाही. बरोबरचे प्लग काकांच्या खिशात आहेत."